पाच वर्षांचं अनुदान, वर्षावर्षाचा भरवसा: अमेरिकी शाळांतल्या मानसिक आरोग्य निधीचं प्रकरण

२९ एप्रिल २०२५ रोजी अमेरिकेच्या शिक्षण खात्याने दोनशेहून अधिक अनुदानधारकांना पत्रं पाठवली. त्यात गावोगावचे शाळा-जिल्हे (स्थानिक सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्था) होते, राज्यांची शिक्षण खाती होती, विद्यापीठंही होती. मजकूर जवळपास सगळीकडे एकच. शाळांत मानसिक आरोग्याचं काम करणारी माणसं नेमण्यासाठी किंवा घडवण्यासाठी तुम्हाला मंजूर झालेलं पाच वर्षांचं अनुदान चालू वर्षाच्या हप्त्यानंतर थांबेल. सगळ्यांचं मिळून जे पैसे यामुळे अडकले, ते सुमारे १ अब्ज डॉलरच्या योजनेतले होते.

पत्रात अमुक शाळेने काम केलं नाही, तमुक विद्यापीठाने हिशेब दिला नाही, असा एकही आक्षेप नव्हता. कारणं दिली होती, पण ती 'किंवा' लावून एकापुढे एक मांडलेली: हे अनुदान नागरी हक्क कायद्यांच्या शब्दाशी वा हेतूशी विसंगत असू शकतं, किंवा गुणवत्ता आणि न्याय्यतेला प्राधान्य देण्याच्या खात्याच्या धोरणाला बाधक असू शकतं, किंवा ज्या मुलांसाठी ते आहे त्यांच्याच हिताविरुद्ध जाऊ शकतं, किंवा फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, पैशाचा तो अयोग्य वापर असू शकतो. यातलं नेमकं कोणतं कारण कोणाला लागू होतं, ते ज्याचं त्याने ओळखायचं.

बातम्यांनी या प्रकरणाकडे ट्रम्प विरुद्ध बायडन अशा नजरेने पाहिलं. ते खोटं नाही. पण हा निधी मुळात बांधला कसा होता, हे पाहिल्याशिवाय तो इतक्या सहज का थांबवता आला ते कळत नाही. शाळेतला समुपदेशक हे वर्षानुवर्षं लागणारं पद आहे. त्याला पैसा मात्र प्रकल्प म्हणून दिला गेला, मुदतीचा, स्पर्धेतून मिळवायचा आणि दरवर्षी नव्याने होकार लागणारा.

उवाल्डे आणि त्यानंतरचा एक महिना

टेक्सासमधल्या उवाल्डे गावातल्या रॉब प्राथमिक शाळेत २४ मे २०२२ रोजी एका बंदूकधाऱ्याने १९ मुलं आणि २ शिक्षिकांना ठार केलं. त्याच्या चार वर्षं आधी, १४ फेब्रुवारी २०१८ रोजी, फ्लोरिडातल्या पार्कलँडच्या हायस्कुलात १७ जण मारले गेले होते. पार्कलँडनंतर काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, शाळांसाठी मानसिक आरोग्याची माणसं तयार करणारी एक छोटी अनुदान योजना सुरू केली, २०२० मध्ये थेट नेमणुकांसाठी दुसरी. दोन्हींची तरतूद सुरुवातीला किरकोळच होती.

उवाल्डेनंतर मात्र महिन्याभरात कायदा झाला. २५ जून २०२२ रोजी बायडन यांनी 'बायपार्टिझन सेफर कम्युनिटीज अ‍ॅक्ट'वर सही केली. सेनेटमध्ये तो ६५ विरुद्ध ३३ मतांनी गेला, प्रतिनिधिगृहात २३४ विरुद्ध १९३. वाटाघाटींत टेक्सासचे रिपब्लिकन जॉन कॉर्निन आणि कनेटिकटचे डेमोक्रॅट ख्रिस मर्फी पुढे होते. बंदुकांबाबत जवळपास तीस वर्षांत झालेला हा पहिला मोठा फेडरल कायदा. बंदुकांवर फार कडक बंधनं रिपब्लिकनांना नको होती आणि डेमोक्रॅटांना काहीतरी पदरात पाडून घ्यायचं होतं. दोघांना सहज पटेल असा मधला मुद्दा म्हणजे मानसिक आरोग्य. त्यातून शाळांसाठी पाच वर्षांत १ अब्ज डॉलर बाजूला निघाले: निम्मे नेमणुकांच्या योजनेला, निम्मे माणसं घडवण्याच्या योजनेला, म्हणजे प्रत्येकी दरवर्षी १० कोटी डॉलर. यातून चौदा हजार नवी माणसं शाळांत येतील असा बायडन सरकारचा दावा होता.

अमेरिकेत शाळेतल्या प्रत्येक गोळीबारानंतर काही पुढारी बंदुकीचा विषय टाळण्यासाठी 'मानसिक आरोग्य' हे शब्द पुढे करतात, हे जगजाहीर आहे. मानसिक आजार असलेल्या बहुतेक माणसांच्या हातून हिंसा होत नाही, त्यामुळे हा युक्तिवाद तसाही लंगडा. पण या वेळी त्या शब्दांमागे खरोखर पैसा आला. आणि शाळांत जी माणसं नेमली गेली त्यांचं रोजचं काम बंदूकधारी शोधण्याचं नव्हतंच. वडील गेल्यानंतर वर्गात गप्प बसणारं मूल, पोटात दुखतंय म्हणून सकाळी शाळेलाच न येणारं मूल, मनगटावर ब्लेड ओढणारी मुलगी, घरात मारहाण पाहून आलेला मुलगा, अशी ती यादी.

ती किती लांब झाली होती हे करोनानंतर दिसलं. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, २०२१ मध्ये हायस्कूलच्या विद्यार्थ्यांचं सर्वेक्षण केलं. त्यात ४२ टक्के विद्यार्थ्यांनी सतत उदास आणि निराश वाटत असल्याचं सांगितलं, मुलींमध्ये ५७ टक्के. गेल्या वर्षभरात आत्महत्येचा गंभीरपणे विचार केला, असं २२ टक्क्यांनी सांगितलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बालरोगतज्ज्ञांच्या आणि बालमनोविकारतज्ज्ञांच्या संघटनांनी मुलांच्या मानसिक आरोग्याबाबत राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली होती.

तीन वेगळी माणसं

अमेरिकेतल्या मराठी पालकांना शाळेतला 'काउन्सेलर' बहुधा विषय निवडताना आणि कॉलेजच्या अर्जावेळी भेटतो. त्यामुळे समुपदेशक म्हणजे वेळापत्रक लावून देणारा माणूस अशी समजूत होते. ती पूर्ण चुकीची नाही, कारण बऱ्याच शाळांत त्यांचा वेळ खरोखरच तिथे जातो. पण अमेरिकी शाळेत मनाशी संबंधित काम करणारी तीन वेगवेगळी पदं असतात आणि पुढचा अर्धा वाद या तिघांमधल्या फरकावर उभा आहे.

शालेय समुपदेशक पदव्युत्तर शिक्षण घेतलेला असतो आणि शाळेतल्या सगळ्या मुलांसाठी असतो. अभ्यास, करिअर, मैत्रीतली भांडणं, अचानक आलेला प्रसंग, सगळं त्याच्याकडे. शालेय मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेतो, शिकण्यातल्या अडचणींचं निदान करतो आणि विशेष शिक्षणाची गरज ठरवण्याच्या प्रक्रियेत त्याचा अहवाल लागतोच. हे शिक्षण साधारण तीन वर्षांचं, त्यात १२०० तासांची इंटर्नशिप. तिसरा शालेय सोशल वर्कर. तो घरापर्यंत जातो, आईवडिलांशी, दवाखान्याशी, बालकल्याण यंत्रणेशी जोडून देतो, आणि पात्रता असेल तर उपचारात्मक समुपदेशनही करतो. गरीब आणि खेड्यातल्या शाळांना अनेकदा सगळ्यात जास्त गरज याची असते, कारण मुलाची अडचण वर्गात दिसते पण तिचं मूळ घरभाड्यात असतं.

समुपदेशकांच्या राष्ट्रीय संघटनेची शिफारस २५० विद्यार्थ्यांमागे एक अशी आहे. २०२२-२३ मध्ये देशाची सरासरी ३८५ होती. मानसशास्त्रज्ञांसाठी शिफारस ५०० मागे एक, प्रत्यक्षात ११०० च्या वर. आणि ही झाली सरासरी. शहराबाहेरच्या कित्येक जिल्ह्यांत जागा मंजूर असूनही अर्जच येत नाहीत.

म्हणून कायद्यातल्या दोन योजनांपैकी माणसं घडवणारी योजना मला जास्त शहाणपणाची वाटते. तिची रचना अशी: विद्यापीठ आणि आसपासचे गरजू शाळा-जिल्हे एकत्र येतात, विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती किंवा विद्यावेतन मिळतं, इंटर्नशिप त्याच शाळांत होते, आणि पदवी मिळाल्यावर त्यातले काही तिथेच नोकरीला लागतात. खेड्यात नोकरीची जाहिरात देऊन शहरातला माणूस येत नाही, पण त्याच भागातल्या माणसाला शिकवलं तर तो टिकण्याची शक्यता वाढते. फक्त या साखळीला वेळ लागतो. पहिल्या वर्षी दाखल झालेली विद्यार्थिनी तिसऱ्या वर्षाच्या शेवटी शाळेत पूर्णवेळ उभी राहते. तिसऱ्या वर्षी पैसा थांबला तर नेमकं फळ यायच्या वेळी झाड तोडल्यासारखं होतं.

दरवर्षीचा होकार

आता अनुदानाच्या व्यवहाराकडे. फेडरल शिक्षण खातं पाच वर्षांचा प्रकल्प मंजूर करतं, पण पैसे एकेका वर्षाचे देतं. प्रत्येक वर्षाअखेरी प्रगती अहवाल जातो आणि खातं पुढचं वर्ष चालू ठेवायचं की नाही ते ठरवतं. आजवर हा होकार बहुतांशी औपचारिक असे. काम नीट चालू असेल तर पुढचा हप्ता येणार, असं गृहीत धरून जिल्हे माणसं नेमत.

आपल्याकडच्या अंशतः अनुदानित शाळेतल्या शिक्षकाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. २० टक्के, ४० टक्के असं टप्पा अनुदान, त्या प्रत्येक टप्प्यासाठी आझाद मैदानावर उपोषण, आणि मंजुरीचा शासन निर्णय हातात असूनही पगार कधी सुरू होईल याची खात्री नाही, हे त्याने भोगलेलं असतं. फरक एवढाच की आपल्याकडे टप्पा वाढण्यासाठी झगडा असतो, तिथे मिळालेला टप्पा काढून घेतला गेला.

खात्याच्या स्वतःच्या नियमावलीत हप्ता पुढे चालू ठेवण्याचे निकष दिलेले आहेत. प्रकल्पाने ठरवलेल्या उद्दिष्टांकडे पुरेशी प्रगती केली का, हा त्यातला मुख्य. त्याच नियमात आणखी एक वाक्य आहे: पुढे चालू ठेवणं फेडरल सरकारच्या हिताचं असलं पाहिजे. एप्रिलच्या पत्रांनी बोट ठेवलं ते या वाक्यावर. जुन्या सरकारच्या प्राधान्यांनुसार दिलेली ही अनुदानं नव्या सरकारच्या प्राधान्यांशी जुळत नाहीत, म्हणून ती सरकारच्या हिताची नाहीत, असा तो तर्क.

प्राधान्य कोणतं? २०२२ मध्ये अर्ज मागवताना खात्याने म्हटलं होतं की वेगवेगळ्या पार्श्वभूमीची किंवा ज्या समाजात काम करायचं त्याच समाजातून आलेली माणसं वाढवणाऱ्या प्रस्तावांना प्राधान्य मिळेल. त्याला धरून अनेक विद्यापीठांनी अर्जांत वांशिक विविधतेची उद्दिष्टं लिहिली, काहींनी टक्केवारीही. २०२५ मध्ये अशा अर्जांतले उतारे समाजमाध्यमांवर फिरवले गेले आणि हा सगळा पैसा मानसिक आरोग्याच्या नावाखाली वंशवादी भरतीला जातोय, असं चित्र उभं केलं गेलं.

इथे माझं मत दोन्ही बाजूंना थोडं न रुचणारं आहे. मेक्सिकन-अमेरिकन वस्तीतल्या मुलाला स्पॅनिश बोलणारी समुपदेशक मिळणं ही विचारसरणीची चैन नव्हे, कामाची प्राथमिक गरज आहे. सांगलीच्या मुलाशी मनातलं बोलायला मराठी न येणारा माणूस बसवला तर काय होईल, ते कोणालाही कळेल. त्यामुळे मूळ प्राधान्यात गैर काही नव्हतं. पण सेवेची ही गरज काही अर्जांत भाषेच्या आणि स्थानिकतेच्या शब्दांत न येता वंशाच्या टक्केवारीत आली, आणि ती टक्केवारी विरोधकांना हातात धरायला आयती मूठ झाली. त्या मुठीने मात्र सगळीच भांडी उचलली गेली. ज्यांच्या अर्जात असं काही नव्हतं किंवा नावापुरतं होतं, त्यांनाही तेच पत्र गेलं. एकेक फाइल उघडून पाहिली असती तर हा विषय कदाचित वीस-पंचवीस पत्रांत आटोपला असता. खात्याचं नुकसान नेमकं या आळसाने केलं, हे पुढे न्यायालयात दिसलं.

वसंतात सुटलेलं पत्र

तारखेला महत्त्व आहे. एप्रिल-मे हा अमेरिकी शाळांत पुढच्या वर्षाच्या नेमणुका ठरवण्याचा काळ. त्याच सुमारास विद्यापीठं शरद ऋतूतल्या प्रवेशांची पत्रं पाठवतात. अनुदानाचं चालू वर्ष अनेकांसाठी डिसेंबर २०२५ ला संपणार होतं. म्हणजे एप्रिलमध्ये तिजोरी बंद झाली नव्हती, फक्त डिसेंबरनंतर काही नाही एवढं सांगितलं गेलं होतं. कागदावर आठ महिने हातात होते.

प्रत्यक्षात ते नव्हते. ज्या जिल्ह्याचा अधीक्षक ऑगस्टमध्ये शाळा उघडणार आहे, तो डिसेंबरपर्यंतच पगार असलेली जागा कशी भरणार? आणि डिसेंबरमध्ये, शाळेच्या वर्षाच्या मध्यावर, समुपदेशकाने मुलाला काय सांगून निघायचं? ज्या माणसाला कायम नोकरीची दुसरी संधी आहे तो उन्हाळ्यातच जातो. यात चुकीचं काही नाही, त्यालाही घरभाडं आहे. शिक्षणाच्या मध्यात असलेल्या विद्यार्थ्यांपुढे तर आणखी विचित्र पेच होता: दुसऱ्या वर्षाचं विद्यावेतन मिळणार की नाही हे ठाऊक नसताना कर्ज काढून पुढे जायचं, की सोडून द्यायचं.

त्यामुळे या प्रकरणात पैसा थांबण्याआधीच नुकसान सुरू झालं होतं.

सिएटलचं न्यायालय

१ जुलै २०२५ रोजी १६ राज्यांनी वॉशिंग्टन राज्याच्या पश्चिम जिल्ह्याच्या फेडरल न्यायालयात, म्हणजे सिएटलमध्ये, खटला दाखल केला. राज्यं डेमोक्रॅटिक महाधिवक्त्यांची होती. तक्रारीत त्यांनी योजनेच्या पहिल्या वर्षाचा हिशेब मांडला: सुमारे पावणेआठ लाख विद्यार्थ्यांपर्यंत सेवा पोहोचली आणि सुमारे १३०० व्यावसायिक शाळांत नेमले गेले. शिवाय गैरहजेरी आणि वर्तनाच्या तक्रारी कमी झाल्याचा, नेमलेली माणसं टिकल्याचाही दावा होता. हे आकडे खटला लढवणाऱ्या पक्षाचे आहेत, हे वाचताना ध्यानात ठेवावं. तरी नेमणुकांची संख्या मोजता येण्याजोगी गोष्ट आहे आणि न्यायालयात खात्याने तिच्यापुढे स्वतःचं कोणतंही मूल्यमापन ठेवलं नाही.

राज्यांचं म्हणणं दोन पातळ्यांवर होतं. एक, हप्ता चालू ठेवायचा की नाही ते त्या त्या अनुदानधारकाच्या कामगिरीवरून ठरतं, नव्या सरकारच्या आवडीवरून नाही. दोन, नवी प्राधान्यं लावायची असतील तर ती आधी जाहीर करून, हरकती मागवून लावावी लागतात, तीही पुढच्या अर्जदारांना. खेळ अर्धा झाल्यावर नियम बदलता येत नाहीत.

पण या युक्तिवादापर्यंत पोहोचण्याआधी एक मोठा अडथळा होता, आणि बातम्यांत तो जवळजवळ आलाच नाही. ४ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिक्षक प्रशिक्षणाच्या अनुदानांबाबतच्या दुसऱ्या एका खटल्यात ५ विरुद्ध ४ असा अंतरिम आदेश दिला होता. सरकारकडून अनुदानाचे पैसे वसूल करायचे असतील तर तो कराराचा वाद ठरण्याची शक्यता आहे, आणि असे वाद साध्या जिल्हा न्यायालयात नाही तर वॉशिंग्टन डीसीमधल्या 'कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्स'मध्ये जातात, असा त्याचा रोख होता. ते न्यायालय नुकसानभरपाई देतं, निर्णय मागे घ्यायला लावत नाही. शाळेला तीन वर्षांनी भरपाईचा धनादेश मिळाला तर त्याचं लोणचं घालायचं? म्हणून राज्यांनी आपला वाद काळजीपूर्वक बांधला: आम्ही थकबाकी मागत नाही, खात्याने स्वतःचे नियम मोडून निर्णय घेतला तो रद्द करा, एवढंच म्हणतो.

न्यायाधीश किंबर्ली इव्हान्सन यांनी हे मान्य केलं. २७ ऑक्टोबर २०२५ रोजी त्यांनी अंतरिम मनाई हुकूम दिला. इव्हान्सन यांची नेमणूक बायडन यांच्या काळातली आहे आणि टीकाकारांनी ते लगेच सांगितलं. पण त्यांच्या निरीक्षणाचा गाभा राजकीय नाही, कार्यालयीन आहे: संबंधित अनुदानांबाबत कोणतीही प्रस्तुत माहिती खात्याने विचारात घेतल्याचा पुरावाच नाही. सगळ्यांना एकच ठोकळेबाज पत्र गेलं, आणि आपलं नेमकं काय चुकलं हे अनुदानधारकाला त्यातून कळू शकत नाही. काँग्रेसने ही योजना शाळांची गरज ओळखून काढली आणि पुनःपुन्हा निधी वाढवून ती गरज मान्य केली, याचीही त्यांनी नोंद घेतली. प्रशासकीय कायद्याच्या भाषेत असा निर्णय 'मनमानी आणि लहरी' ठरतो. डिसेंबर २०२५ मध्ये त्यांनी अंतिम निकालातही खात्याचा निर्णय बेकायदा ठरवला.

या आदेशाने कोणाला काय मिळालं? कॅलिफोर्नियातल्या मादेरा काउंटीचे सुमारे ३८ लाख डॉलर आणि मरीन काउंटीचे सुमारे ८० लाख डॉलर पुन्हा वाटेवर आले, अशी उदाहरणं बातम्यांत आली. पण हा हुकूम फिर्यादी १६ राज्यांतल्या काही अनुदानधारकांपुरताच होता. खटल्याच्या चारच दिवस आधी, २७ जून २०२५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने देशव्यापी मनाई हुकमांना वेसण घातली होती. त्यामुळे वॉशिंग्टनमधल्या शाळेला संरक्षण मिळालं आणि तेच पत्र आलेली टेक्सासमधली शाळा तशीच राहिली. उवाल्डे टेक्सासमध्ये आहे.

आणखी एक मर्यादा निकालातच आहे. न्यायालय खात्याला 'पैसे द्याच' असं सांगत नाही. ते सांगतं, निर्णय कायद्याला धरून, माहिती पाहून, कारणं देऊन घ्या. म्हणजे दरवर्षीचा होकार ही मूळ व्यवस्था तशीच राहते. जिंकलेल्या जिल्ह्यालाही पुढच्या वर्षाअखेरी पुन्हा त्याच खिडकीशी उभं राहायचं आहे.

नव्या अटी, एकच पद

दरम्यान खात्याने त्याच योजनेखाली नवी स्पर्धा जाहीर केली. सुमारे २७ कोटी डॉलर, अर्ज ऑक्टोबर २०२५ पर्यंत, आणि डिसेंबरमध्ये २० कोटींहून अधिक रकमेची नवी अनुदानं वाटलीही गेली. लिंगविषयक विचारसरणी, राजकीय चळवळ किंवा वांशिक साचे यांना उत्तेजन देण्यासाठी हा पैसा वापरता येणार नाही, अशा अटी त्यात आल्या. पण माझ्या मते सगळ्यात जड अट वेगळीच होती: आता पैसा फक्त शालेय मानसशास्त्रज्ञांसाठी. समुपदेशक आणि सोशल वर्कर बाहेर.

या अटीला काहीच आधार नाही असं म्हणता येणार नाही. मानसशास्त्रज्ञांचं प्रमाण शिफारशीपासून बरंच दूर आहे आणि विशेष शिक्षणाच्या तपासण्या त्यांच्यावाचून अडतात. पण ज्या खेड्यातल्या जिल्ह्याने आधीच्या अनुदानातून सोशल वर्कर नेमले होते, त्याच्या दृष्टीने ही नवी योजना आधीचीच पुढे चालू झालेली नाही. त्याला असलेली माणसं सोडून, बाजारात मिळत नसलेली माणसं शोधायची आहेत. तीन वर्षांचं शिक्षण आणि १२०० तासांची इंटर्नशिप लागणारं पद घोषणेने भरत नाही.

दुसरे खिसे

मग जिल्ह्यांनी स्वतःच्या खिशातून का नाही भरायचं? हा प्रश्न अमेरिकेतही विचारला गेला आणि तो रास्त आहे. शालेय शिक्षणाच्या एकूण खर्चात फेडरल वाटा एरवी दहा टक्क्यांच्या आसपास असतो. बाकीचा भार राज्य सरकार आणि स्थानिक मालमत्ता कर उचलतात. मालमत्ता करावर चालणाऱ्या व्यवस्थेत जिथे घरं महाग तिथे समुपदेशक मुबलक, आणि जिथे गरज जास्त तिथे कर गोळा होत नाही. फेडरल अनुदान याच दरीसाठी होतं.

करोनाकाळात शाळांना फेडरल मदतीचे सुमारे १९० अब्ज डॉलर मिळाले आणि अनेक जिल्ह्यांनी त्यातून समुपदेशक नेमले. त्या मदतीचा शेवटचा भाग वापरण्याची मुदत ३० सप्टेंबर २०२४ ला संपली. म्हणजे एक मदत संपून सात महिने होतात न होतात तोच दुसरी थांबत असल्याचं पत्र आलं.

टिकाऊ वाट एकच दिसते, ती मेडिकेडची. गरीब कुटुंबांसाठीच्या या आरोग्य विम्यातून शाळेत दिलेल्या सेवांचं बिल लावता येतं. डिसेंबर २०१४ पर्यंत त्यावर मोठी मर्यादा होती: इतर मुलांना जी सेवा फुकट मिळते तिचं बिल मेडिकेडला लावता येत नसे. ती अट गेली आणि नंतर बऱ्याच राज्यांनी शाळांना ही सोय खुली केली. २०२२ च्याच कायद्याने बिलाचे नियम सोपे करायला सांगितले आणि त्यासाठी राज्यांना ५ कोटी डॉलर दिले. या कायद्यातलं हे कलम कोणाच्या भाषणात आलं नाही, पण अब्जाच्या अनुदानापेक्षा ते जास्त दिवस जगेल असं मला वाटतं, कारण त्यात दरवर्षी कोणाची मर्जी लागत नाही, सेवा दिली की बिल लागतं. अडचण लहान जिल्ह्यांची आहे. बिलं भरायला वेगळा कारकून लागतो, नोंदी काटेकोर लागतात, आणि ४ जुलै २०२५ च्या कायद्याने मेडिकेडच्याच खर्चाला कात्री लावली आहे.

भारतात त्याच जुलै २०२५ मध्ये, २५ तारखेला, सर्वोच्च न्यायालयाने विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात निर्देश दिले: शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सोशल वर्कर नेमावा. आपल्याकडे आदेश आधी आला आहे. पगार कोणत्या लेखाशीर्षातून निघणार हा प्रश्न महाराष्ट्रातल्या मुख्याध्यापकाने विचारला, तर तो आडमुठेपणा समजू नये. अमेरिकेत लेखाशीर्ष होतं, रक्कम होती, दोन्ही पक्षांची मतं होती, तरी तिसऱ्या वर्षी पत्र आलं.

उवाल्डेनंतरच्या कायद्याने ठरवलेल्या पाच हप्त्यांपैकी शेवटचा आर्थिक वर्ष २०२६ चा आहे आणि ते वर्ष ३० सप्टेंबर २०२६ ला संपतं. त्यापुढचे पैसे काँग्रेसने नेहमीच्या वार्षिक अर्थसंकल्पात ठेवले तरच. न्यायालयात जिंकलेल्या जिल्ह्यांनाही २०२६-२७ च्या नेमणुका ठरवताना ही तारीख समोर धरूनच करारपत्रावर मुदत लिहावी लागेल.